काटा ढाक्यावर, आवाज नागपूरचा

बाबा, बोलला!

बाकीचं सावकाश सांगते, आधी एवढं ऐका. तुमचा रेडिओ बोलला. स्वतःच्या व्हॉल्व्हवर, स्वतःच्या स्पीकरमधून, पोटात कुठलंही नवं किट न बसवता बोलला. तुमच्या तेरवीची पंगत नुकतीच उठली होती, मंडपातल्या खुर्च्या अजून गोळा व्हायच्या होत्या, आणि आपल्या दोघांना इतके दिवस हसणारे सगळे जण समोर उभे होते. त्यांची तोंडं बघायला तुम्ही हवे होतात. नेमके तेव्हाच नव्हतात, म्हणून मी तुमच्यावर चिडले आहे, आणि ती चीड अजून उतरलेली नाही.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात. रुसवा नव्हता, रीत होती. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारात येण्याआधी तुम्ही खाकरायचात, मी पदर सावरायची, आणि मग भिंतीकडे बघत तुम्ही आईंच्या कानात निरोप सांगायचात. मी तिथंच, दोन हातांवर उभी. आई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "ते म्हनतात, मीठ बरोबर हाय." मी म्हणायची, "त्याइले सांगा, काल बी बरोबरच होतं." आई मान वळवून तुमच्याशी काहीतरी पुटपुटायच्या आणि तुम्ही समाधानानं मान हलवायचात. एवढंसं घर, त्यात आपला निरोप्याचा कारभार.

जळगाव जामोदला माहेरी मी वडिलांशी तोंडावर भांडायची. शाळेत विज्ञान शिकवते, दिवसभर पोरांवर ओरडते. आणि घरी आल्यावर सासऱ्याला चहा हवा की नको हे तिसऱ्या माणसाकडून कळायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं. मला सवय झाली होती, पण आवडत होतं असं नाही. तुमच्याबद्दल जे कळायचं ते सगळं आईंकडूनच. जिनातल्या खिडकीची गोष्टही त्यांनीच सांगितली होती.

तुम्ही कापसाच्या जिनात फिटर. सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं तिथं ओळीनं मांडलेली, आणि वरच्या लांब लोखंडी दांड्यावरून आलेले पट्टे त्यांना फिरवायचे. ते पट्टे चढवणं, ताणणं, सांधणं ही तुमची जन्मभराची कामगिरी. जिनाच्या ऑफिसात पांढऱ्या गादीशेजारी, खिडकीला लागून, तो लाकडी रेडिओ असायचा. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही फिटर लोक, हमाल, कापूस निवडणाऱ्या बाया, सगळे खिडकीबाहेर उभे राहून ऐकायचात. आत यायला कुणी मनाई केली नव्हती. पण अंगभर रुईची धूळ, आणि आत शुभ्र गादी. कुणी गेलं नाही. पुढं जिन बंद पडलं, ऑफिसातलं सामान निघालं, उंदरांनी घर केलेला रेडिओ भंगारात चालला होता. तो तुम्ही मागून घेतलात, सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलात आणि माळ्यावर ठेवलात. किती वर्षं तो तिथं पडून होता, विचारू नका. सुधीरनं, म्हणजे तुमच्या लेकानं, दर दिवाळीच्या साफसफाईला तो फेकायचं काढलं आणि दर दिवाळीला आईंनी त्याला परत वर चढवायला लावलं.

मग एका हिवाळ्यात तुम्ही तो खाली उतरवलात. ओसरीत टेबल लावलंत, मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलंत, आतलं उंदराचं घरटं बाहेर काढलंत. त्यात रुई होती. जिनातलीच असणार. ती तुम्ही बोटांत घेऊन चुरगाळून पाहिलीत, आणि मी दारातून बघत होते.

आई भजनाला गेल्या होत्या. सुधीर कोर्टात, त्याच्या कारकुनीवर. घरात तुम्ही आणि मी. तुमच्या एका हातात कथलाची तार, दुसऱ्यात तापलेला सोल्डरिंगचा खिळा, आणि निसटणारी वायर धरायला तिसरा हात नव्हता. त्यात तुमच्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर जिनातच गेलेलं. तुम्ही खाकरलात. इकडंतिकडं पाहिलंत. निरोप सांगायला कुणीच नव्हतं. शेवटी भिंतीकडे बघत म्हणालात, "धर."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी तुम्ही मला उद्देशून बोललेला हा पहिला शब्द. मी धरली. वायर जोडली गेली. तुम्ही म्हणालात, "सोड." दोन शब्द झाले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपण असे बरेच शब्द बोललो, आणि आई परत आल्या तेव्हा टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण चक्क भांडत होतो. आईंनी दारातच चपला काढल्या आणि बघत राहिल्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, "माही नोकरी गेली वाटते."

पदर केव्हा खांद्यावर आला ते आठवत नाही. तुम्ही मला 'मास्तरीणबाई' म्हणायला लागलात, त्यानंतर कधीतरी. एवढं मात्र आठवतं की स्पीकरच्या तोंडावरचं कापड उंदरांनी खाल्लेलं होतं आणि पातळ सुती कापड हवं होतं, तेव्हा मी माझ्या जुन्या साडीचाच पदर फाडून आणला. तुम्ही तो हातात घेऊन बराच वेळ बघितलात. म्हणालात, "चांगला हाय. आवाज आरपार येईन."

काय काय भांडलो हो आपण! काचेचे नाजूक व्हॉल्व्ह अकोल्याच्या एका जुन्या दुकानातून आणले ते तुम्ही कापसात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन आलात, आणि खामगावच्या स्टँडवर उतरताना कंडक्टरला सांगितलंत, "सरका, लेकरू हाय." मी म्हणायची कंडेन्सर सुकलेत, बदला. तुम्ही म्हणायचात कंडेन्सरचं काही नाही, आजार एरियलचा हाय. मी फळ्यावर काढतात तशी आकृती काढून दाखवायची. तुम्ही आकृतीकडे बघायचात आणि म्हणायचात, "हे बरोबर हाय मास्तरीणबाई, पन कागद आवाज करत नाही." मग कंडेन्सरही बदलायचात. मला न सांगता. दुसऱ्या दिवशी मला दिसायचे, आणि तुम्ही आपण त्या गावचेच नाही असे पेपर वाचत बसायचात.

लाकडाला तर तुम्ही जीव लावलात. वाळवीनं खाल्लेला कोपरा सागाच्या तुकड्यानं भरला. लाखेचं पॉलिश रुईच्या बोळ्यानं घासत, घासत, घासत. तो पुढचा गोल कोपरा चमकायला लागला तेव्हा रस्त्यानं जाणारे लोक फाटकाशी थांबायचे. "काका, हा वाजते काय?" असं विचारायचे. तुम्ही म्हणायचात, "तोंड उघडलं नाही अजून, पन समजून घ्या मनात हाय त्याच्या."

इतकं सगळं कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. रेडिओ काय, मोबाइलवर दहा स्टेशनं लागतात. तुम्ही बोळा थांबवला नाहीत. म्हणालात, "हाच रेडिओ उभ्यानं लय आयकला मी. आता बसून आयकाचा हाय." एवढंच. पण त्या दिवसापासून तो रेडिओ माझाही झाला. मी रोज शाळेतून आले की हातपाय धुवायच्या आधी टेबलाशी यायची.

मग दिवाळीला वंदनाताई पुण्याहून आल्या. तुमची लेक, तुमची लाडकी, आणि तुमच्यासारखीच वस्तूंवर जीव लावणारी. त्यांनी त्या रेडिओवर हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी पाहिलं. पण पाण्यामागून मोबाइलही आला. पुण्यात असे जुने रेडिओ आतून रिकामे करून त्यात दिवे बसवतात, छोटा स्पीकर बसवतात, मोबाइलवरून गाणी लागतात, त्याचे फोटो त्यांनी दाखवले. "बाबा, माझ्या हॉलमध्ये ठेवीन. रोज तुमची आठवण येईल." तुम्ही फोटो बघितलेत, चष्मा काढलात, पुसलात. "आठवन येईन म्हनजे? मी कुठी चाललो?" सगळे हसले. मग तुम्ही निकाल दिलात, तोही सगळ्यांसमोर: "बोलला तं इथीच राहीन. नाही बोलला तं घेऊन जाय. मुक्यानं इथी राहून काय करन बिचारा?"

मी तुमच्याकडे डोळे वटारून बघत होते. असा शब्द देतात का कुणी! बोलला नाही तर त्याच्या पोटातले आपले व्हॉल्व्ह, आपली सोल्डरिंग, माझा पदर, सगळं निघून पुण्याच्या हॉलमध्ये दिव्याचं खोकं होणार. आणि तुम्ही मजेत चिवडा खात होतात.

त्यात राहिला होता फक्त डायलचा दोरा. काचेमागचा काटा ज्या दोऱ्यानं सरकतो तो. मागं एक मोठं चाक, वर दोन छोट्या पुल्या, त्यांवरून दोरा फिरतो आणि काट्याला इकडून तिकडं नेतो. तो तुम्ही घातलात तेव्हा मी दहावीचे पेपर तपासायला गेले होते. संध्याकाळी आले तर काम झालेलं. काटा काचेच्या डाव्या टोकाला, सोनेरी अक्षरांत 'नागपूर' लिहिलं होतं तिथं, सरळ उभा. दिवसाउजेडी आपल्याकडं नागपूरच जोरात लागतं, म्हणून पहिलं नागपूर. आणि काटा फिरवायच्या बटणावर तुम्ही चिकटपट्टी लावून टाकली होतीत.

"हे काऊन?" मी विचारलं.

"चालत्या पट्ट्याले हात नाही लावाचा," तुम्ही म्हणालात आणि ते अर्धं बोट वर केलंत. "बंद मशीन फिरवा, तपासा, ठोका. चालू झाली का हात मागं. पयले नागपूर बोलू द्या. मंग पाहू बाकी मुलूख."

जिनाचा कायदा. त्यापुढं माझी काय टाप? तुमचं बोट समोर होतं.

मग रेडिओ चालू केला. आत व्हॉल्व्हचे केशरी ठिपके उजळले. तापायला वेळ द्यायचा म्हणून तुम्ही सगळ्यांना गप्प बसवलंत. लाकडाचा आणि धुळीचा ऊन ऊन वास आला. आणि मग, खस्स्स. नुसतं खस्स. जिवंत होता, पण बोलत नव्हता.

त्या खस्सनं आपला जीव काढला. तुम्ही पुन्हा एरियल, मी पुन्हा कंडेन्सर. कॉइल बदलली. स्पीकर बदलला. जमिनीत लोखंडी सळई ठोकून अर्थिंग घेतलं. जे जे बदलता येतं ते सगळं बदललं, आणि दर वेळी काटा नागपूरवर, चिकटपट्टी जागच्या जागी. सुधीर येता-जाता विचारायचा, "काय म्हनते नागपूर?" मी त्याला एकदा पोळपाट फेकून मारणार होते.

शेवटी तुम्हीच डगमगलात. एका दुपारी खुर्चीत मागं टेकून म्हणालात, "नशिबात उभ्यानंच होतं." मला असा संताप आला! मी म्हटलं, "नशीब कुठी आलं मधात? व्होल्टेज येऊन राह्यलं, आवाज येऊन राह्यला, कुठीतरी आपलंच चुकून राह्यलं. मी सोडनार नाही, तुम्ही बी सोडाचं नाही." तुम्ही हसलात. आणि दुसऱ्याच दिवशी, माझं ऐकलंत ते नेमकं चुकीच्या ठिकाणी: तांब्याच्या जाळीची एरियल घेऊन स्लॅबवर चढलात. कठडा नाही, पायात स्लिपर, हातात बांबू. मी शाळेतून आले तर हे दृश्य. भर रस्त्यातून ओरडले. अख्खी गल्ली बाहेर आली.

तुम्ही उतरलात. आणि रुसलात. माझ्याशी बोलणं बंद. आईंची नोकरी परत सुरू.

"तिले सांग, मी उद्या एरियलचं तोंड फिरवून पाहीन."

आई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "ते म्हनतात, उद्या एरियल फिरवतो."

मी चिडलेलीच होते. म्हटलं, "त्याइले सांगा, पाय मोडून घेतला तं माझ्याकडं यायचं काम नाही."

सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. चहा घेऊन आई गेल्या आणि कप तसाच घेऊन परत आल्या.

बाबा, ते तेरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रडायला येत होतं आणि रडताना पुन्हा राग येत होता. तुमच्या कानावर माझं शेवटचं पडलं ते काय, तर 'यायचं काम नाही'. शेवटी एका दुपारी, आई तांदूळ निवडत होत्या तेव्हा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं बोलून टाकलं. आईंनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "वेडी हाय काय तू? मी कवा सांगितलं त्याइले असं? मी म्हनलं, ती म्हनते जपून चढा, तुमच्याबिगर तिले करमत नाही."

मी उठून बसले. "आई, मी असं कुठी म्हनलं होतं?"

"तू कवाच म्हनली नाही. अन् ते बी कवा म्हनले नाही का मीठ बरोबर हाय. ते म्हनत, खारट हाय, पन सांग तिले बरोबर हाय. सारं मलेच पाहा लागे."

तुम्ही तेव्हा काय म्हणालात, हेही विचारलं मी. ते तुमचं उत्तर माझ्याजवळच राहू दे. इथं लिहिणार नाही.

आता तेरवी. सुतकात रेडिओ लावायचा प्रश्नच नव्हता, मी टेबलावर चादर टाकून ठेवली होती. गोडाचं जेवण झालं, सुतक फिटलं. वंदनाताईंची संध्याकाळची आगगाडी, नांदुऱ्याहून. गाडीवाला फाटकाशी उभा. ताई माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला आणि हलकेच म्हणाल्या, "वहिनी, रेडिओ बांधायचा ना? मी रग आणलाय." त्यांचा काही दोष नव्हता. शब्द तुमचा होता.

मी म्हटलं, "एकदा लावून पाहू द्या. शेवटचं."

चादर काढली. तुमची खुर्ची टेबलासमोर तशीच होती. प्लग लावला, ठिपके उजळले. अर्धा मंडप ओसरीत येऊन उभा राहिला. आपोआप सगळे गप्प झाले, तुम्ही गप्प करायचात तसे. ऊन वास आला. आणि खस्स्स.

आम्ही थांबलो. आणखी थांबलो. सुधीरनं मान खाली घातली. ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वहिनी, राहू दे. तुम्ही दोघांनी खूप केलं."

ते 'राहू दे' मला सहन झालं नाही. तुमचा राग आला, तुमच्या नागपूरचा आला, त्या चिकटपट्टीचा आला. मी ती पट्टी ओढून काढली आणि बटण धरून पिळलं. मशीन चालू असताना. मागून आई ओरडल्या, "अवं, चालू हाय थे!" मी थांबले नाही. काटा निघाला. दिल्ली गेली, मुंबई गेली, कलकत्ता गेलं, नुसतं खस्स, आणि मी पिळतच होते, पार उजव्या टोकापर्यंत. तिथं अक्षरं पुसट होती. ढाका.

आणि ढाक्यावरून एक माणूस स्वच्छ मराठीत कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल सांगायला लागला.

बाबा, काय आवाज! भरदार, गोल, थोडा घोगरा, लाकडातून आलेला. मोबाइलच्या आवाजाला छाती नसते, याला होती. माझ्या पदराचं कापड थरथरत होतं. बोंडअळी संपली, आणि एका बाईंनी गोड आवाजात सांगितलं की आपण नागपूर केंद्र ऐकत आहात. तेव्हा ओसरीत जो गलका झाला, तो तेरवीच्या घरात शोभणारा नव्हता. तुमच्या भजनी मंडळातले लोक टाळ्या वाजवत होते. सुधीरनं, ज्यानं तो भंगारात काढायचं बोलून बोलून जिभेला घट्टे पाडून घेतले होते, त्यानं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. गाडीवाला फाटकातून आत आला, "काय झालं हो?" म्हणत.

पण काटा ढाक्यावर आणि नागपूर कसं? मी प्लग काढला, टॉर्च घेतला, मागून वाकून पाहिलं. मोठ्या चाकावरून निघालेला दोरा मधेच एकमेकांवरून फुलीसारखा गेला होता. चाक डावीकडं फिरलं की काटा उजवीकडं. आपण काटा नागपूरवर ठेवत होतो, तेव्हा आत रेडिओ भलत्याच टोकाला उभा होता.

आई माझ्या खांद्यावरून वाकल्या. आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. "क्रॉस पट्टा घातला यायनं! जिनातल्यावानी! पट्टा सरकला नाही पायजे म्हनून फुली घालत. जेवतानी मले तेच सांगत, फुली घातली का पकड चांगली येते, फक्त चाक उलटं फिरते म्हनून." डोळे पुसत म्हणाल्या, "मानूस घरी आला, पन जिनातून निघालाच नाही."

म्हणजे बघा. तुमची एरियल बरोबर होती. माझे कंडेन्सरही बरोबर होते. आपलं एकूण एक काम बरोबर होतं. आपण केव्हाच जिंकलो होतो, फक्त बटण फिरवून बघितलं नव्हतं. त्या दुपारी तुम्ही नशिबाला बोल लावत खुर्चीत टेकला होतात ना, तेव्हाही नागपूर तिथंच होतं, तुमच्या उजव्या हाताशी, ढाक्याच्या अक्षरांखाली. हे आठवलं की रडू येतं. आणि लगेच हसूही येतं. दोन्ही एकदम येतं, काय करू?

वंदनाताई खाली ओसरीच्या फरशीवर बसल्या होत्या, लहान मुलीसारख्या, पाय पसरून. रडत होत्या आणि हसत होत्या. कुणी त्यांना शब्दाची आठवण करून द्यायच्या आत त्याच म्हणाल्या, "बोलला तर इथंच." मग रग घडी करून आईंच्या कॉटवर ठेवला. जाताना त्यांनी तुमचा एक जळका व्हॉल्व्ह मागून घेतला, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. गाडी मिळाली त्यांना. पोचल्यावर फोन केला तो रेडिओ ऐकायला. मी मोबाइल तुमच्या स्पीकरसमोर धरून उभी राहिले.

आणि हो, आईंना तुमच्या खुर्चीत बसवलं. त्या नको म्हणत होत्या. मी म्हटलं, बाबांचं बसून ऐकायचं राहिलंय. तेव्हा बसल्या. हात मांडीवर, पाठ ताठ, जिनाच्या मालकिणीसारख्या. आता रोज दुपारी बसतात. तुमच्या वाटचंही ऐकतात.

एक काम मात्र राहिलं होतं. काल रविवारी मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, मागचं झाकण काढलं. म्हटलं, दोरा उलगडून सरळ घालते, काटा नागपूरला नेते, काम कसं चोख झालेलं बरं. तुम्हालाही चोख काम आवडायचं. दोऱ्याला चिमटा लावणार, तेवढ्यात खुर्चीतून आई खाकरल्या. अगदी तुमच्यासारख्या.

मी मागं पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. भिंतीकडे बघत होत्या.

"ते म्हनतात," आई म्हणाल्या, "मास्तरीणबाईले सांग, चालत्या पट्ट्याले हात नाही लावाचा."

मी झाकण परत बसवलं.